त्या विधानाचं पुढे काय झालं?

प्रश्न विचारणाऱ्यांचं शिक्षण रसायनशास्त्रातलं आहे. एकोणिसाव्या शतकात आर्सेनिकने झालेल्या विषप्रयोगांचे खटले त्यांनी अभ्यासाला घेतले आहेत. त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत अशी: "रसायन मला कळतं. पण निकालपत्रं आणि जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचताना आपण भलतंच काहीतरी समजून घेतोय अशी धास्ती वाटते. तिन्ही विषयांत पारंगत व्हायला एक जन्म पुरणार नाही. मग हे काम एकट्याने करावं, की सोडून द्यावं?"

सोडू नका. गेली २२ वर्षं मी दुसऱ्यांच्या संशोधनाला मदत करण्याचं काम करते. वकिलांना वैद्यकीय निबंध शोधून आणि उलगडून द्यायचे, इतिहासाच्या अभ्यासकांना जुन्या कायद्यांचा माग काढून द्यायचा, वैज्ञानिकांना जुन्या नोंदी मिळवून द्यायच्या, असं ते काम. यातल्या एकाही विषयाची मी पंडित नाही. तरी काम होतं, कारण परक्या क्षेत्रात शिरताना तिथलं सगळं ज्ञान लागत नाही. तिथे एखादं विधान पक्कं कसं ठरतं, आणि पक्कं ठरलेलं विधान पुढे कच्चं निघालं तर त्याची नोंद कुठे होते, एवढं मात्र नीट माहीत असावं लागतं. माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक चुका या दुसऱ्या गोष्टीतल्या असतात. वाचणारा हुशार असतो, वाचलेलं त्याला समजलेलंही असतं. त्या विधानाचं पुढे काय झालं, हे तेवढं पाहायचं राहून गेलेलं असतं.

तुमचाच विषय घेऊन सांगते. जॉर्ज बॉडल हा इंग्लंडमधला सधन म्हातारा सकाळची कॉफी प्यायल्यावर आजारी पडला आणि काही दिवसांत दगावला. नातू जॉनवर खटला चालला. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञांनी हायड्रोजन सल्फाइड वापरून आर्सेनिकचा पिवळा अवक्षेप, म्हणजे द्रवात खाली बसणारा गाळ, मिळवला होता, पण ज्यूरीसमोर जाईपर्यंत तो बिघडला, जॉन सुटला, आणि या अपयशाने अस्वस्थ होऊन मार्श यांनी नवी चाचणी शोधली, अशी हकीकत सगळीकडे सांगितली जाते. चाचणीचं वर्णन १८३६ साली प्रसिद्ध झालं. आता खटल्याचं वर्ष पाहा. रसायनाच्या इतिहासावरच्या बऱ्याच लेखनात ते १८३२ छापलेलं सापडेल. बॉडल वारले नोव्हेंबर १८३३ मध्ये. ज्या माणसाचा खून झाला म्हणून खटला चालला, तो त्या खटल्याच्या वर्षी जिवंत होता!

अशी चूक टिकते कशी? रसायनाचं पुस्तक लिहिणाऱ्याला चाचणीशी मतलब असतो. चाचणीची क्रिया तो चारदा तपासतो आणि खटल्याचं वर्ष आधीच्या पुस्तकातून उचलतो. हे सगळ्याच क्षेत्रांत घडतं. माणूस आपल्या मुद्द्याबाबत काटेकोर असतो आणि मुद्द्याच्या कडेला असलेल्या गोष्टींबाबत सैल. म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे: रसायन रसायनवाल्यांकडून घ्या, तारखा इतिहासवाल्यांकडून, आणि कायदा कायदेवाल्यांकडून. निकालपत्रातली ऐतिहासिक पार्श्वभूमी, इतिहासग्रंथातलं रासायनिक स्पष्टीकरण, वैज्ञानिक निबंधाच्या प्रस्तावनेतला "इतिहास" यातून फक्त धागा उचलायचा. आधार म्हणून त्यांचा हवाला द्यायचा नाही.

कायद्याच्या बाजूची तुमची धास्ती रास्त आहे, कारण तिथे फसगत फार शांतपणे होते. १८३३च्या इंग्लंडमधल्या खटल्याचा वृत्तान्त वाचताना आरोपीचा वकील ज्यूरीला उद्देशून भाषणच करत नाही असं दिसेल. आजच्या सवयीने वाचलं तर वाटेल, वकील कच्चा होता किंवा बाजू लंगडी होती. खरी गोष्ट अशी की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करायची मुभाच नव्हती. साक्षीदारांची उलटतपासणी घ्यायची आणि कायद्याचे मुद्दे मांडायचे, एवढंच त्याच्या हाती होतं. ती मुभा १८३६च्या कायद्याने मिळाली. आरोपीला स्वतःच्या बाजूने शपथेवर साक्ष देण्याचा सरसकट हक्क तर १८९८ साली आला, आणि फौजदारी अपिलाचं स्वतंत्र न्यायालय १९०७ साली. त्यामुळे "आरोपीने शपथेवर एक शब्दही उच्चारला नाही" या वाक्याचा १८३३ साली अर्थ शून्य आहे आणि १९३३ साली बराच आहे. खटला वाचायच्या आधी त्या वर्षी त्या देशात पुराव्याचे आणि सुनावणीचे नियम काय होते, हे दोन पानांत लिहून काढा. यात दोन दिवस जातील. त्या दोन दिवसांनी पुढची सहा महिन्यांची मेहनत वाचते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

वृत्तान्त म्हणजे तरी काय, हेही विचारावं लागतं. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयाची छापील इतिवृत्तं १६७४ ते १९१३ पर्यंतची आहेत, जवळजवळ २ लाख खटले, आणि ती सगळी संगणकावर शोधता येतात. असं साधन हाताशी आलं की मोह होतो: शब्द टाका, आकडे काढा, निष्कर्ष लिहा. पण ती मुळात विकण्यासाठी छापलेली प्रकाशनं होती. साक्षी त्यांत संक्षेपाने येतात, काही वेळा वकिलांचे युक्तिवाद पूर्णपणे गळतात. जे छापलंय ते बोललं गेलं असं बहुधा धरता येतं. जे छापलेलं नाही ते बोललंच गेलं नाही, असं मात्र धरता येत नाही.

आता तुमचं बलस्थान. मार्शच्या चाचणीत जस्तावर आम्ल टाकलं की हायड्रोजन निघतो, नमुन्यात आर्सेनिक असेल तर आर्सिन वायू तयार होतो, तो पेटवून ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरली की तिच्यावर काळसर, चकचकीत डाग बसतो. हे तुम्हाला पाठ असणार. अँटिमनीचाही तसाच डाग बसतो, आर्सेनिकचा डाग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये विरघळतो आणि अँटिमनीचा राहतो, आणि जस्तातच किंवा आम्लातच आर्सेनिक असेल तर नमुना न घालताही डाग उमटेल, हेही तुम्ही जाणता. नवऱ्याला विष घातल्याच्या आरोपाचा, फ्रान्समधला १८४०चा मारी लाफार्ज खटला वाचताना म्हणूनच तुमचा हात शिवशिवेल. स्थानिक तज्ज्ञांच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात, तेव्हा पॅरिसहून मातेओ ओर्फिला या विषतज्ज्ञांना बोलावलं गेलं, त्यांनी मृतदेहात आर्सेनिक असल्याचं सांगितलं, आणि मारीला जन्मठेप झाली. रसायनाचा माणूस इथे चटकन लिहून जातो: "त्या काळी रसायनांच्या भेसळीचा विचारच झाला नव्हता."

हे चूक ठरेल. ओर्फिलांनी न्यायालयात आधीच बजावलं होतं की सापडलेलं आर्सेनिक चाचणीच्या रसायनांमधून आलेलं नाही, शवपेटीभोवतीच्या मातीतून आलेलं नाही, आणि मानवी शरीरात निसर्गतः असणारं आर्सेनिकही ते नाही. म्हणजे तुम्हाला आज जो आक्षेप सुचतो तो त्यांनाही ठाऊक होता. आणि यातला तिसरा मुद्दा तर तुमच्यासाठी सोन्याची खाण आहे. शरीरात "निसर्गतः" इतकं आर्सेनिक असतं की ते त्या काळच्या चाचणीत दिसावं, ही कल्पना त्या वर्षांत चर्चेत होती आणि पुढे टिकली नाही. जी कल्पना न्यायालयात आधार म्हणून उभी राहिली ती प्रयोगशाळेत पुढे कोसळली, तर त्या निकालाकडे कसं पाहायचं? हा प्रश्न रसायन जाणणाऱ्यालाच नीट मांडता येईल. कायद्याचा किंवा इतिहासाचा अभ्यासक त्या वाक्यावरून पुढे निघून जाईल.

म्हणून या खटल्यापुरते तीन कोरे कागद घ्या आणि तीन प्रश्न वेगवेगळे लिहा. मृतदेहात आर्सेनिक होतं का? त्या वेळच्या नियमांनुसार दोषी ठरवायला समोर आलेला पुरावा पुरेसा होता का? तज्ज्ञांना आणि ज्यूरीला त्या दिवशी काय माहीत होतं? पहिल्याचं उत्तर आजही बदलू शकतं. दुसऱ्याचं उत्तर त्या दिवशी देणं भाग होतं, न्यायालयाला "आणखी वीस वर्षं थांबू" म्हणता येत नाही. तिसऱ्याचं उत्तर फक्त त्या काळच्या कागदांत आहे, आजच्या प्रयोगशाळेत नाही. या विषयावरच्या कच्च्या लेखनात हे तिन्ही प्रश्न एकाच परिच्छेदात कालवलेले असतात, आणि वाचणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

आता विधानाच्या पुढच्या आयुष्याकडे येते. तळटीपा वाचत मागे कुणालाही जाता येतं. पुढे जायचं, म्हणजे अमुक निबंध किंवा निकाल प्रसिद्ध झाल्यावर त्याला कुणी उचलून धरलं आणि कुणी मोडीत काढलं हे बघायचं, तर वेगळं हत्यार लागतं. ते हत्यार आधी वकिलांकडे आलं. फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली अमेरिकेत, प्रत्येक निकालाचा पुढच्या निकालांत कुठे उल्लेख झाला याच्या याद्या डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापून विकायला सुरुवात केली. वकील त्या चिठ्ठ्या आपल्या निकालसंग्रहाच्या समासात चिकटवत. जुनं पान उघडलं की शेजारीच दिसे, हा निकाल पुढे फिरवला गेलाय. जवळजवळ ऐंशी वर्षांनी युजीन गारफिल्ड यांना वाटलं की वैज्ञानिक निबंधांसाठीही हेच करता येईल. १९५५ साली त्यांनी ती कल्पना मांडली आणि १९६४ साली विज्ञानाची उद्धरणसूची निघाली. आज कुठल्याही शोधयंत्रात निबंधाखाली "याचा उल्लेख करणारे" असा दुवा दिसतो, त्याचं मूळ वकिलांच्या त्या डिंकाच्या चिठ्ठ्यांत आहे. वेगळ्या क्षेत्रात डोकावल्याने काय हाती लागतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

इतिहासात अशा सूचीवर भागत नाही, आणि ही अडचण नवख्याच्या लक्षात येत नाही. एखादं दस्तऐवज बनावट ठरलं तर ते जुन्या ग्रंथांत तसंच अस्सल म्हणून नांदत राहतं. तिथे पुढचा माग काढायचा तर त्या ग्रंथाची परीक्षणं, सुधारित आवृत्तीची प्रस्तावना, आणि त्याच विषयावरच्या सगळ्यात नव्या पुस्तकातली साधनांची चर्चा वाचावी लागते. व्हिनलँडचा नकाशा घ्या. कोलंबसाच्या आधीच्या काळात अमेरिकेचा किनारा दाखवणारा नकाशा म्हणून तो १९६५ साली मोठ्या थाटात जाहीर झाला. १९७०च्या दशकात शाईत टायटॅनियम डायऑक्साइड आढळलं, जे त्या रूपात विसाव्या शतकातच बनू लागलं. २००२ साली चर्मपत्राचं रेडिओकार्बन वय मात्र पंधराव्या शतकातलं निघालं, आणि काहींना वाटलं नकाशा खराच असावा. चर्मपत्र जुनं आणि शाई नवी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. बनवणाऱ्याने जुनी कोरी पानं वापरली होती. २०२१ साली तो ज्यांच्या संग्रहात आहे त्या येल विद्यापीठानेच तो बनावट असल्याचं जाहीर केलं. १९६५चं पुस्तक हाती आलेला वाचक, २००२चा निबंध हाती आलेला वाचक आणि २०२१ची बातमी वाचलेला वाचक, तिघेही प्रामाणिकपणे तीन वेगळी वाक्यं लिहितील.

सगळ्यात जास्त जीव जपावा लागतो तो एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात गेलेल्या आकड्यांबाबत. सॅली क्लार्क या इंग्लंडमधल्या आईला १९९९ साली दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं गेलं. एका बालरोगतज्ज्ञाने ज्यूरीसमोर सांगितलं होतं की अशा कुटुंबात दोन बाळं आपोआप, झोपेत दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे. हा आकडा आला कुठून? अशा कुटुंबात एक बाळ दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, असा अंदाज होता. त्याचा वर्ग केला. वर्ग तेव्हाच करता येतो जेव्हा दोन घटनांचा एकमेकींशी काहीही संबंध नसेल, आणि एकाच घरातल्या, एकाच आईबापांच्या दोन बाळांच्या बाबतीत हे गृहीत धरायला काहीच आधार नव्हता. शिवाय ज्यूरीने तुलना करायची होती ती दोन नैसर्गिक मृत्यू आणि दोन खून यांच्या शक्यतांची. दोन खूनही अत्यंत दुर्मीळ असतात. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली या आकड्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. २००३ साली दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते, आणि ते लिहितात: "चुकीच्या संख्याशास्त्रामुळे शिक्षा रद्द झाली." निकालपत्र उघडा. शिक्षा रद्द होण्याचं मुख्य कारण वेगळं होतं. एका बाळाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षाला दाखवलेच गेले नव्हते. आकड्यांबद्दल न्यायालय म्हणालं ते साधारण असं, की हा मुद्दा आमच्यापुढे पूर्ण मांडला गेला असता तर बहुधा तेवढ्यावरही अपील मंजूर करावं लागलं असतं. "असतं" या एका शब्दात कायद्याच्या वाचनाची निम्मी विद्या आहे. ज्या कारणावर निकाल उभा असतो ते कारण बंधनकारक, आणि जाता जाता व्यक्त केलेलं मत मोलाचं असलं तरी बंधनकारक नाही. हा खटला संख्याशास्त्राच्या पुस्तकातून शिकलेल्याला हा फरक दिसणं शक्यच नव्हतं. मूळ निकालपत्र वाचायला दुपार लागते, आणि ती दुपार द्यायलाच हवी.

निकालाच्या वर छापलेला सारांशसुद्धा निकाल नसतो, हे याच ओघात सांगते. अमेरिकेत १८८६ सालच्या सँटा क्लारा परगणा आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे यांच्यातल्या खटल्याचा दाखला "कंपनी म्हणजे घटनेच्या दृष्टीने व्यक्ती" या तत्त्वासाठी पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला. ते वाक्य निकालाच्या वरच्या टिपणात आहे, जे निकाल संपादित करणाऱ्या अधिकाऱ्याने लिहिलं. निकालपत्राने त्या घटनात्मक प्रश्नाचा निवाडा केलेलाच नाही. वैज्ञानिक निबंधाच्या गोषवाऱ्याचंही तेच. गोषवारा निबंधाची जाहिरात असते, मर्यादा आत चर्चेच्या भागात लिहिलेल्या असतात.

शब्दांकडे वळू. तुमच्या विषयात हा सापळा पहिल्याच पानावर आहे. एकोणिसाव्या शतकातल्या साक्षीत "आर्सेनिक" म्हणजे बहुतेक वेळा मूलद्रव्य नव्हे, तर दुकानात मिळणारी पांढरी पूड, म्हणजे आर्सेनिकचं ऑक्साइड. वजनाने त्यात आर्सेनिक साधारण ७६ टक्के. साक्षीदार "ग्रेन" म्हणतो तेव्हा एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. पोटात सापडलेली मात्रा आजच्या घातक मात्रेशी ताडताना पूड आणि मूलद्रव्य यांची गल्लत झाली, तर हिशोब जवळजवळ चौथाईने चुकतो, आणि हे रसायनवाल्याच्या हातून होणं जास्त लाजिरवाणं. शोध घेतानाही शब्दच आडवे येतात. आपल्या भाषेत सोमल, हरताळ, मनशीळ ही सगळी आर्सेनिकचीच रूपं, पण "आर्सेनिक" शोधणाऱ्याला यातलं एकही सापडणार नाही. मलेरियाचा जुना इतिहास शोधणाऱ्याने हिवताप आणि थंडीताप शोधायला हवा. प्रत्येक क्षेत्रासाठी समानार्थी शब्दांची एक यादी बनवा आणि वाचता वाचता ती वाढवत न्या. माझ्या वहीत अशा याद्यांची पानं बाकी टिपणांपेक्षा जास्त मळलेली आहेत.

तारखांचं थोडक्यात सांगते. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून पहिल्या चार्ल्स राजाचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो आणि त्या काळचे कागद १६४८ म्हणतात. मी स्वतः एकदा या फरकाकडे लक्ष न देता एका वकिलांना दोन दस्तांचा क्रम उलटा सांगितला होता. तेव्हापासून जानेवारी ते मार्चमधली कुठलीही जुनी तारीख मी दोनदा तपासते. इंग्लंडचे जुने कायदे राजाच्या कारकिर्दीच्या वर्षावरून ओळखले जातात, त्यामुळे आर्सेनिकची विक्री नोंदवहीत सही घेऊन करावी आणि पुडीत काजळी किंवा नीळ मिसळावी असं सांगणारा १८५१चा कायदा तुम्हाला "व्हिक्टोरिया १४ व १५, प्रकरण १३" अशा नावाने शोधावा लागेल. आणि रेडिओकार्बनच्या निबंधात "आजपासून इतकी वर्षं आधी" असतं, तिथे "आज" म्हणजे १९५० साल. ही तिन्ही क्षेत्रांची आपापली घड्याळं आहेत, त्यात चूक कुणाचीच नाही.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगावंसं वाटतं. एकट्याने तीन क्षेत्रांत फिरण्याचा तोटाच असतो असं नाही. डॉन स्वान्सन हे शिकागोतले ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक. वैद्यकाचं शिक्षण नसताना त्यांनी निबंधांचे दोन ढीग शेजारी ठेवले. एका ढिगात रेनॉ या आजारात रक्त घट्ट होतं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात असं लिहिलं होतं. दुसऱ्यात माशाच्या तेलाने रक्ताचा घट्टपणा कमी होतो असं. दोन्हीकडचे संशोधक एकमेकांचं वाचत नव्हते, एकमेकांचा उल्लेखही करत नव्हते. स्वान्सन यांनी १९८६ साली दोन्ही जोडून सुचवलं की या आजारात हे तेल उपयोगी पडेल. काही वर्षांतच एका वैद्यकीय चाचणीत त्याला दुजोरा मिळाला. नवं उपकरण नाही, नवा प्रयोग नाही, छापून पडलेलंच वाचलं होतं. उलट दिशेनेही असं घडतं. इसवी सनपूर्व १३६ च्या एप्रिलमध्ये बॅबिलोनमधून खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची नोंद मातीच्या पाटीवर आहे. पृथ्वी आजच्याच गतीने सतत फिरत आली असती तर त्या ग्रहणाची सावली बॅबिलोनवर पडायलाच नको होती, ती जवळजवळ ४९ अंश पश्चिमेला पडली असती. तासाला १५ अंश या हिशोबाने हा सव्वातीन तासांचा फरक झाला, आणि अशा नोंदींमधूनच पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं किती मंदावलं याचं मोजमाप झालं. पाटीवर खुणा कोरणाऱ्याला आपण भूभौतिकीचा पुरावा ठेवतोय याची कल्पनाही नसणार.

टिपणं कशी ठेवायची ते नीट सांगते, कारण सगळी शिस्त शेवटी तिथे उतरते. दर विधानासाठी मी चार गोष्टी लिहिते. विधान जसंच्या तसं, पान क्रमांकासह. ते मी कुठे पाहिलं: मूळात, की कुणी दिलेल्या उताऱ्यात. त्या लेखकाने ते कशावरून म्हटलं. आणि त्यानंतर त्याचं काय झालं, कुठल्या तारखेपर्यंत तपासलं. चौथी ओळ रिकामी असेल तर ते विधान माझ्या मजकुरात जात नाही. दुसरी ओळ वाटते त्याहून कठीण आहे. पालकात लोह भरपूर असल्याचा समज दशांशचिन्ह चुकल्यामुळे पसरला, ही गोष्ट विज्ञानातल्या हलगर्जीचं उदाहरण म्हणून अनेक विद्वानांनी दिली. २०१० च्या सुमारास कुणीतरी तळटीपा धरून मागे गेलं तेव्हा लक्षात आलं की दशांशचिन्हाच्या त्या चुकीलाच आधार सापडत नाही. हलगर्जीबद्दल सावध करणारी गोष्टच हलगर्जीने पसरली होती. सगळे एकमेकांकडून उचलत होते आणि दुसरी ओळ कुणीच भरत नव्हतं. अलीकडे ही ओळ आणखी महत्त्वाची झाली आहे. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मिळालेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. नावं, क्रमांक, न्यायाधीश सगळं खरं वाटेल असं होतं. मूळ पान कुणीही उघडून पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला एकच खटला घ्या, लाफार्जचा किंवा बॉडलचा, आणि त्यातल्या वीसेक विधानांची अशी टिपणं पूर्ण करा. वीसपैकी चार-पाच ठिकाणी तुम्ही अडाल, आणि ती ठिकाणं बहुधा कायद्याची असतील. तेव्हा कायद्याच्या इतिहासाचा अभ्यास असलेल्या कुणालातरी लिहा. "मला या विषयाबद्दल मार्गदर्शन हवं आहे" असं लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण उत्तर द्यायला एक पुस्तक लिहावं लागेल. एकच प्रश्न विचारा, पानाची प्रत जोडा, तुम्ही स्वतः काय समजलात ते दोन ओळींत लिहा आणि "यात माझी चूक कुठे होतेय?" असं विचारा. जाणकार माणसाला चूक दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि माझा अनुभव असा की ती पाच मिनिटं बहुतेक जण आनंदाने देतात. उत्तर आलं की कुणी, कधी सांगितलं यासह ते टिपणात उतरवा, आणि लेख छापायला देण्याआधी तेवढं वाक्य त्यांना पुन्हा एकदा दाखवा.